हिंजवडीचे मास्तर आणि पेनरिजची घंटा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "आपटेबाई, चित्रपट परीक्षणाच्या नोकरीतल्या काही गोड आठवणी लिहा." मी म्हटलं, अहो, दिवाळीत गोड घरोघरी असतं, त्यासाठी माझ्यापर्यंत कशाला आलात? माझ्याकडे चिवडा आहे आणि त्यात मिरच्या जास्त पडल्या आहेत. ते हसले. मी विनोद केलेला नव्हता. एक गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं, आणि ती एकदा छापून यावी एवढीच माझी इच्छा आहे. ज्या वर्तमानपत्रात ती यायला हवी होती, त्यात त्या आठवड्यात माझ्या सदराच्या जागी बाणेरच्या फ्लॅटस्कीमची जाहिरात आली, पोहण्याच्या तलावाच्या चित्रासकट. तो तलाव पुढे बांधलाच नाही, असं ऐकते.

आधी आमचा धंदा काय ते सांगते, कारण लोकांची समजूत अशी की परीक्षक म्हणजे फुकट सिनेमा बघणारा माणूस. शुक्रवारी पहिला खेळ बघायचा, संध्याकाळी लिहून द्यायचं, रविवारी शिव्या खायच्या. मध्यंतरात वितरकाचा माणूस बटाटेवडा घेऊन येतो. तो खायचा नाही हा माझा नियम. वडा पोटात गेला की विशेषणं आपोआप तेलकट होतात, हे मी अनेक सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. आणि सिनेमा संपेपर्यंत उठायचं नाही, कितीही वाईट असला तरी. स्वयंपाक बिघडलाय हे सांगायचं असेल तर ताट पूर्ण वाढून घ्यावं लागतं.

आमच्या कचेरीत मोठे हिंदी सिनेमे ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे होते, मराठी सिनेमे त्यांच्या मेव्हण्यांकडे. मला उरलं इंग्रजी. पुढे पुण्यात घरोघरी केबल आली आणि एका वाहिनीनं दुपारच्या वेळी जुने ब्रिटिश भयपट आणि साहसपट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा संपादकांनी मला त्यावर साप्ताहिक सदर लिहायला सांगितलं. ही बढती नव्हती. "बाईंना भुतं द्या," असं ते बैठकीत म्हणाले आणि सगळे हसले.

त्या भुतांमध्ये मला पेनरिज सापडला. आर्थर पेनरिज हा काही नावाजलेला दिग्दर्शक नव्हे. पैसे कमी, म्हणून एकच जिना तीन सिनेमांत, आणि तोच मेणबत्त्यांचा झुबका प्रत्येक वाड्यात. धुकं इतकं की कलाकार एकमेकांना शोधत असावेत. पण त्याला भीती कळत होती. त्याच्या एका सिनेमात स्वयंपाकीण रोज संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्त मांडते. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी विचारत नाही, आणि अर्धा सिनेमा झाल्यावर आपल्याला कळतं की तिला त्या घरात कोण राहतं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मालक शिकलेला, त्याला काही ठाऊक नाही. मला हे फार आवडायचं. शहाणा माणूस हा त्याच्या सिनेमात बहुधा स्वयंपाकघरात किंवा तबेल्यात असायचा, आणि त्याचं न ऐकणारे साहेबलोक दुसऱ्या रिळापर्यंत मरायचे. भयपट म्हणजे हलकं काम असं मानणाऱ्यांशी मी या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं भांडले.

वाचकही मासलेवाईक होते. सदाशिव पेठेतून एका गृहस्थांचं कार्ड आलं होतं: "आपण लिहिता ते चित्रपट आम्ही पाहिलेले नाहीत व पाहणारही नाही, तथापि आपले मत चुकीचे आहे." हिंजवडीच्या एका कंपनीतला मुलगा फोन करायचा. "मॅम, प्रोजेक्ट नसला की आम्ही नुसते बसून असतो, तेव्हा तुमचा कॉलम सगळा ग्रुप वाचतो. पण स्टार्स का नाही देत? वाचायला टाइम लागतो ना." बसून असतात आणि वाचायला वेळ लागतो. आमच्या पुरवणीचे नवे व्यवस्थापकही तेच म्हणायचे, "बाई, रीडरला तारे हवेत, टेक्स्ट कोण वाचतं?" मी त्यांना म्हटलं, तारे मोजायचे तर गच्चीवर जा, माझ्या सदरात कशाला येता?

पण माझा खरा राग यांच्यावर नाही. यांना अडाणीपणाची सूट आहे. माझा राग आहे तो आमच्या चित्रपट-रसिक मंडळावर.

हे मंडळ पुण्यात जुनं आणि प्रतिष्ठित. अध्यक्ष इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं नाव घेत नाही, अध्यक्षच म्हणते. तो शब्द ऐकताना त्यांचा चेहराही उजळायचा. मी भेटले की म्हणायचे, "काय आपटेबाई, अजून त्या रक्तपिपासूंमध्येच का?" असं बरीच वर्षं चाललं. मग विलायतेतल्या कुठल्याशा नियतकालिकात पेनरिजचं कौतुक छापून आलं, आणि महिन्याभरात मंडळानं जाहीर केलं: "पेनरिज: एक पुनर्मूल्यांकन", चार दिवस, सात चित्रपट. आधी मूल्यांकन कधी केलं होतं, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "आपला उपरोध आम्हाला समजतो." 

आता मंडळाची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण त्यातून झालं. महोत्सव म्हटला की अभ्यासपुस्तिका हवी, आणि ती पहिल्या दिवशी प्रेक्षकांच्या हातात पडायला हवी. सिनेमाच्या रिळांचे डबे मात्र परदेशातून निघून मुंबईत कागदपत्रांत अडकत अडकत अगदी आदल्या दिवशी येतात. त्यामुळे पुस्तिका आधी लिहिली जाई आणि सिनेमा नंतर पाहिला जाई. चित्रपट पाठवणाऱ्यांच्या यादीत चार ओळींचा सारांश असतो, त्यावर अध्यक्ष चार पानं लिहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुण्यात मताला पुराव्याची वाट बघण्याची सवय नाही.

महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात आमच्या कचेरीत एक गृहस्थ आले. उंच, ताठ, पांढरी पँट, पांढरा सदरा, वय सत्तरीच्या आसपास. खुर्ची देऊनही आधी उभेच राहिले.

"बाई, मी ढमढेरे. हिंजवडीचा. शाळेत ड्रिल मास्तर हुतो. तुम्ही ज्या पेनरिज सायबावर लिवता, त्याच्या पिच्चरमध्ये मी काम केलंय."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते त्यांच्या ओळखीचं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "तुम्हाला बी पटत न्हाय. गावाला बी न्हाय पटलं."

मग ते बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पेनरिज तरुणपणी साहसपट काढायला इकडे घाटात आला होता. किल्ल्याच्या दाराशी उभा राहणारा, दांडपट्टा फिरवता येणारा आणि इंग्रजी बोलणारा उंच माणूस त्याला हवा होता. पट्टा ढमढेऱ्यांना येत होता. इंग्रजी त्यांनी शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून घोकून घेतलं, शेताच्या बांधावर उभं राहून, बैलांना ऐकवून. किल्ल्यावरच्या देवळात एक शापित घंटा असते आणि गोरे अधिकारी ती उतरवायला येतात, अशी गोष्ट. त्यांना दारात अडवणारा पहारेकरी म्हणजे ढमढेरे मास्तर. साहेबानं पाठ थोपटली, म्हणाला तुझा आवाज चांगला आहे, लंडनमध्ये लोक ऐकतील. मग तंबू गुंडाळून सगळे गेले. तो सिनेमा पुण्यात कधी लागलाच नाही.

"तवापासून गावात मला पिच्चरवाले मास्तर म्हणत्यात," ते म्हणाले. "मानानं न्हाय. चावडीपुढनं गेलो की कुणीतरी विचारतंच, काय मास्तर, लंडनहून सांगावा आला का? आता जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, सगळं बदललं, पर ते काय बदललं न्हाय. नातवंडं बी हसत्यात. बाई, मी खोटं बोलणारा मानूस न्हाय. शाळेत पोरांना खोटं बोललं म्हणून मी छड्या दिल्यात."

त्यांच्याकडे फोटो नव्हता, कागद नव्हता. सिनेमाचं नाव मात्र पाठ होतं, कारण चित्रीकरणाच्या प्रत्येक वेळी समोर धरायच्या पाटीवर ते लिहिलेलं असे: 'द बेल अबव्ह द पास'. मी मंडळाचा कार्यक्रम काढला. रविवारी सकाळी तोच चित्रपट होता. मास्तरांनी तो कागद हातात धरून बराच वेळ वाचला, आणि म्हणाले, "मग गावालाच घेऊन येतो." मी माझ्या सदरात त्यांच्यावर चार ओळी छापल्या. मास्तरांचा मुलगा कंपन्यांना बस पुरवायचा. सोमवार ते शुक्रवार संगणकवाल्यांना नेणारी एक बस रविवारी मोकळी असे, तिच्यातून गाव येणार असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी महोत्सवात दुसराच एक चित्रपट दाखवला, 'कर्स ऑफ द ब्रास बेल'. त्यातही घाट होता, किल्ला होता आणि घंटा होती. मी पुस्तिका उघडली. अध्यक्षांनी लिहिलं होतं की दिग्दर्शकाला घंटेचा ध्यासच होता. 'बेल अबव्ह द पास'मध्ये ती साम्राज्याच्या अपराधगंडाचं प्रतीक आहे, तर नंतरच्या 'ब्रास बेल'मध्ये तो परत निव्वळ अंधश्रद्धेकडे वळतो, आणि या दोन चित्रपटांमधलं अंतर हाच पेनरिजच्या अधःपाताचा आलेख आहे. वाचून मी सुद्धा मान डोलावली.

शनिवारी सकाळी मी सभागृहाच्या यंत्रघरात गेले. रविवारचा लेख आधी लिहून ठेवायचा असला की मी असं करत असे. खेळाच्या आदल्या दिवशी प्रत तपासतात, कुठे सांधा सुटलाय का, फिल्म फाटलीय का ते पाहतात. आवाज लावत नाहीत, नुसती चित्रं पळवतात. यंत्रचालक भोसले माझ्या ओळखीचे. त्यांनी पहिलं रीळ लावलं आणि मी बघतच राहिले. कालचेच अधिकारी, कालचेच तंबू, कालचाच पांढरा घोडा, आणि तो कालच्यासारखाच मागच्या पायानं लंगडत होता.

"भोसले, हे कालचंच रीळ लागलंय का?"

"नाही हो बाई. डब्यावर नाव बघा. दुसराच सिनेमा."

दुसरा सिनेमा नव्हताच. एकच सिनेमा होता. जुन्या ब्रिटिश साहसपटांचं असं होत असे: इंग्लंडात एका नावानं लागायचे, अमेरिकेतला वितरक त्यांना कात्री लावून, झगझगीत नाव देऊन पुन्हा विकायचा. आमच्या मंडळानं यादीतली दोन नावं पाहिली आणि दोन्ही मागवली. काल दाखवली ती कापलेली प्रत. आज डब्यात होती ती पूर्ण. आणि त्या पूर्ण प्रतीच्या तिसऱ्या रिळात, काल जिथे अधिकारी थेट किल्ल्यात शिरले होते तिथे, दारात उंच, ताठ, तिशीपस्तिशीतले ढमढेरे मास्तर उभे होते. पट्ट्याचे दोन फेर घेऊन त्यांनी तो जमिनीला टेकवला आणि ते बोलू लागले. आवाज नव्हता, ओठ दिसत होते. मी यंत्रघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

आनंदाच्या भरात मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं. मला वाटलं ते हसतील. एवढी मजेदार चूक आयुष्यात कितीदा होते? दुपारी सभागृहाच्या दारात फलक लागला: "तांत्रिक कारणास्तव रविवार सकाळचा खेळ रद्द."

मी रिक्षा करून कोथरूडला त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी विचारलं, बसा म्हणाले, आणि शांतपणे सांगितलं, "एकच चित्रपट दोनदा दाखवणं संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही."

"एकाच चित्रपटावर दोन लेख लिहिलेले शोभले?"

"आपण भावनेच्या भरात बोलता आहात. परगावचे अभ्यासक आले आहेत. पुस्तिका त्यांच्या हातात आहे."

"सर, काल दाखवलेल्या प्रतीत मास्तर नाहीत. उद्याच्या प्रतीत आहेत. सोमवारी डबे परत जाणार. त्यांचं सगळं गाव उद्या बसनं येतंय. ते काय दारावरचा फलक वाचून परत जाणार?"

अध्यक्षांनी थोडा विचार केला. माझी अपेक्षा वाढली. मग ते म्हणाले, "त्यांना चहा द्यावा. शक्यतो बाहेर."

मला राग येतो तेव्हा माझा आवाज खाली जातो, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. मी खालच्या आवाजात म्हटलं, "उद्याचा खेळ झाला नाही, तर तुमचे ते दोन्ही लेख मी माझ्या सदरात शेजारी शेजारी छापते. वर माझा एकही शब्द नाही. नुसती नोंद, की चित्रपट एकच आहे."

शेवटी ते म्हणाले, "खाजगी खेळ करा. संस्थेच्या नावाशिवाय. आणि ते लेख छापायचे नाहीत." मी शब्द दिला, आणि पाळलाही. आजसुद्धा ते लेख छापत नाहीये, फक्त सांगते आहे. सांगणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. ती पुस्तिका मात्र अजून ग्रंथालयांत आहे आणि विद्यार्थी तिचे दाखले देतात. घंटेच्या प्रतीकातल्या स्थित्यंतरावर कुणाचातरी प्रबंधही झाला आहे. कुणी एका शब्दानं चूक कबूल केली नाही, आणि जो माणूस खरं बोलत होता त्याला बाहेर चहा द्यायला निघाले होते. मला चीड येते ती याची.

रविवारी सकाळी सभागृहावरचा मंडळाचा कापडी फलक उलटा करून बांधला होता. संस्थेचं नाव भिंतीकडे, पांढरी बाजू रस्त्याकडे. बस आली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पुरुष फेटे बांधून. मास्तर सगळ्यांत शेवटी उतरले, मागोमाग त्यांच्या पत्नी. अंगावर तोच पांढरा पोशाख, इस्त्री जरा कडक. गर्दीत तात्या म्हणून एक थोराड गृहस्थ होते. चावडीवरचा तो लंडनचा प्रश्न विचारणारे मुख्य तेच, हे मला मास्तरांच्या पत्नीनंच कानात सांगितलं. अध्यक्षही आले होते. मागच्या रांगेत, अंधारात, खाजगी रीतीनं.

सिनेमा सुरू झाला. गाव शिस्तीत बसलं होतं. तिसरं रीळ आलं, किल्ल्याचं दार आलं, आणि दारात मास्तर.

 मग एक बाई ओरडली, "अगं बया, मास्तर!" आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पट्टा फिरला तसे लोक खुर्च्यांवर थापा मारू लागले. तात्या तोंड उघडं टाकून बघत होते. मी मास्तरांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

मग पडद्यावरच्या मास्तरांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला तो त्यांचा नव्हता.

चिरका, नाकातला, मान हलवत बोलल्यासारखा हेलकावे खाणारा आवाज. लंडनच्या कुणा नटानं हिंदुस्थानी माणसाची नक्कल करावी तसा. सहा फुटांचा ताठ माणूस आणि त्याच्या तोंडातून तो किरकिरा आवाज. गावाला इंग्रजी कळत नव्हतं, पण मास्तरांचा आवाज गाव ओळखत होतं. मैदानाच्या पलीकडून 'सावधान' म्हटलं तर अर्धं गाव आजही ताठ उभं राहील, असा तो आवाज. लोक हळूहळू खाली बसले. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला पेनरिजचा संताप आला. इतकी वर्षं मी या माणसाची बाजू घेतली होती, कारण त्याच्या सिनेमात मोलकरणीला अक्कल असते आणि तबेलेवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. संपादकांशी, अध्यक्षांशी, सदाशिव पेठेशी भांडले. आणि यानं आमच्याकडच्या माणसाला तोंडावर 'तुझा आवाज चांगला आहे' म्हणून सांगितलं, आणि परत गेल्यावर तो आवाज पुसून त्याच्या जागी थट्टा भरली. कात्री अमेरिकेच्या वितरकाची होती, पण हे पेनरिजच्या हातचं होतं. अध्यक्षांनी मास्तरांना बाहेर ठेवायचं म्हटलं होतं. पेनरिजनं आत घेऊन तेच केलं होतं.

रीळ संपल्यावर भोसल्यांनी मध्यंतर केलं. दिवे लागले. कुणी चहाला उठेना. तात्यांनी घसा खाकरला. "मास्तर, तुम्ही व्हतात हे खरं. आम्ही चुकलो. पर ह्यो आवाज कुनाचा घातलाय?"

 मास्तरांच्या पत्नी हलक्यानं म्हणाल्या, "त्यांचा न्हाय. मी रोज ऐकत हुते की बांधावर."

मी पुढे जाऊन मास्तरांना सांगू लागले, की अशी पद्धतच होती त्यांची, कित्येक नटांच्या बाबतीत झालंय, यात तुमचं काही… त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बाई, त्या यंत्रवाल्यांना सांगा, तेवढं रीळ परत लावायला येतं का?"

"येतं. गुंडाळायला थोडा वेळ लागेल."

"लागू द्या. आणि आवाज बंद ठेवा म्हणावं."

भोसल्यांनी रीळ उलटं गुंडाळलं. दिवे गेले. मास्तर उठून पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, पाय जुळवून. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. पडद्यावर गोरे अधिकारी चढण चढून आले, दार आलं, पट्टा फिरला आणि टेकला. पडद्यावरच्या तरुणाचे ओठ हलले, आणि अंधारातून सत्तरीतला माणूस बोलला.

"जंटलमेन, यू विल नॉट पास. धिस बेल इज नॉट युवर्स."

पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळत होते. एका अक्षराचाही फरक नव्हता. उच्चार हिंजवडीचे, आवाज मैदानाचा. त्यांनी एकामागून एक सगळी वाक्यं म्हटली, मध्ये अधिकारी बोलतो तेवढा वेळ गप्प राहून, पुन्हा आपली वेळ आली की बोलून. त्या वाक्यांत विनवणी नव्हती की धमकीही नव्हती. वर्गात शिरणाऱ्या उशिराच्या मुलाला दारात उभं करावं, तसं ते होतं. आमच्या पहिल्या रांगेतल्या बायकांना अर्थ कळत नव्हता आणि त्यांच्या डोळ्यांना पदर लागले होते. मी आयुष्यात बघितलेल्या अभिनयात ते कुठे बसतं, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि तारे देण्याचा तर प्रश्नच नाही.

शेवटचं वाक्य संपलं. पडद्यावर अधिकाऱ्यानं पहारेकऱ्याला बाजूला ढकललं आणि तो आत शिरला. मास्तर वळून आपल्या खुर्चीपर्यंत चालत आले, तात्यांनी उठून त्यांना वाट दिली. बसता बसता त्यांनी वर यंत्रघराच्या झरोक्याकडे पाहिलं.

"आता लावा आवाज," ते म्हणाले. "त्यांचं त्यांना बोलू द्या."